निळा ठिपका

सोमवारी सकाळी सव्वानऊला त्यानं डबा उघडला आणि आत दादाचं तोंड निघालं. तोंड म्हणजे प्लास्टरचं: वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा, दोन्ही कापसात गुंडाळलेले आणि सोबत दंतवैद्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. नाव कधीच नसतं. सव्वीस वर्षं तो या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवत आला होता. हजारो तोंडं हाताखालून गेली, पण ओळखीचं तोंड कधी आलं नव्हतं. निदान त्यानं कधी ओळखलं नव्हतं. हे मात्र कापूस पुरता निघायच्या आत ओळखलं. वरचा समोरचा डावा दात, त्याचा कोपरा तिरका उडालेला. तो कोपरा त्यानं स्वतः उडवला होता, वयाच्या आठव्या वर्षी, लोखंडी कुलूप फेकून. त्याला पन्नास वर्षं होत आली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं की वरचे उरलेले सगळे दात शुक्रवारी काढायचे आहेत, त्याच बैठकीत कवळी बसवायची आहे, तेव्हा गुरुवारी दुपारपर्यंत हवी. आणि खाली, रेघ मारून, वेगळ्या शाईत: रुग्णाची खास विनंती, समोरचा डावा दात आहे तसाच तुटका बनवावा.

ती शेवटची ओळ वाचली आणि त्याचे कान तापले. पन्नास वर्षं जिभेनं चाचपून झालं, आता दातच जाणार, तर निदान पुरावा राहू दे! आणि तो पुरावा कुणी बनवायचा, तर ज्यानं गुन्हा केला त्यानंच. दादाला ठाऊक होतं तो कुठल्या लॅबमध्ये काम करतो ते. त्या डॉक्टरकडे मुद्दाम गेला असणार. सहा वर्षं दोघांत एक शब्द नाही, आणि आता हा माणूस सरळ तोंडच पाठवतो.

"हा काय चावटपणा आहे?" तो मोठ्यानं म्हणाला.

शेजारच्या बाकावर चष्मेवाली बसायची. लॅबमध्ये दातांना रंग मिळवून देण्याचं काम तिचं. मान न उचलता ती म्हणाली, "काय झालं? ठसा बिघडलाय?"

"ठसा उत्तम आहे. माणूस बिघडलाय."

"मग करून टाका. माणसाला कवळी लागते, तो बिघडलेला असला तरी."

रागाचं आणि त्याचं फार जुनं होतं. चर्चच्या मंडळीत कुणाला दारूचा मोह होता, कुणाला बाईचा, एकाला तर दुसऱ्यांच्या छत्र्या उचलून नेण्याचा. पण त्यांचे मोह निदान बाहेर कुठेतरी राहायचे, त्यांच्यापर्यंत चालत जावं लागायचं. याचा मोह सकाळी डोळा उघडायच्या आधी उशाशी येऊन बसलेला असे. रोज सहाला तो पलंगापाशी गुडघे टेकायचा आणि देवाला एकच सांगायचा: आज नाही, फक्त आजचा दिवस नाही. मग दात घासताना वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्ची ओढायचा. एवढंच, खुर्ची ओढायचा. पण त्या आवाजानं याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, ब्रश हातात तसाच राहायचा, आणि मनातल्या मनात तो जिना चढून वर जायचा, दार ठोठावायचा, त्या माणसाला त्याच्याच खुर्चीला बांधून ठेवायचा. त्याच्या तोंडातून फेस यायचा, पण तो टूथपेस्टचा. बसथांब्यावर कुणी रांग मोडायचं, बसमध्ये कुणी याच्या खांद्यावर पेपर उघडायचं, आणि सहाचं वचन सव्वाआठला मोडलेलं असायचं. बाहेरून काही दिसायचं नाही. बाहेरून तो शांत, कामसू, जरा घुमा माणूस होता, रविवारी बायकोच्या शेजारी बसून गाणी म्हणणारा. संध्याकाळी पुन्हा गुडघे, पुन्हा तीच क्षमा मागायची, तेच शब्द. देवालाही वीट आला असेल, तेच गिऱ्हाईक आणि तीच तक्रार. पाळक म्हणायचे, "बंधू, राग येणं हे पाप नाही. राग पाळणं हे पाप." पाळकांना बोलायला काय जातं? त्यांना राग येतच नाही, त्यांना ढेकर येतात. आणि दादावरचा राग तर त्यानं पाळला होताच. खाऊपिऊ घालून, न्हाऊमाखू घालून सहा वर्षं पाळला होता, आणि आता तो अंगानं चांगला भरला होता.

दुपारी त्या तोंडाच्या डब्याला हात न लावता तो खिडकीशी बसून पोळी-भाजी खात होता तेव्हा त्याला घरातली संध्याकाळची प्रार्थना आठवली. आई मध्ये, दादा एका बाजूला, तो दुसऱ्या. वडील कामावर. प्रत्येकानं एकेक वाक्य बोलायचं असा नियम होता. आई सगळ्यांच्या आरोग्यासाठी मागायची. तो स्वतः बहुतेक वेळा पाऊस थांबावा किंवा गणिताचे मास्तर आजारी पडावेत यासाठी मागायचा आणि आईची चापट खायचा. दादा अकरा वर्षांचा, पण तेव्हापासूनच त्याचा आवाज मोठ्या माणसासारखा गोड आणि सावकाश. एकदा घरी आईच्या ओळखीच्या दोन बाया आल्या होत्या, त्याही प्रार्थनेला बसल्या, आणि दादानं डोळे घट्ट मिटून मागितलं: हे देवा, आमच्या धाकट्याला रात्री अंथरूण ओलं न करण्याचं सामर्थ्य दे. बायांपैकी एक फिसकन हसली. आईनं आमेन म्हटलं. तो डोळे मिटूनच बसून राहिला, कारण उघडले असते तर बाया दिसल्या असत्या. दादा खोटं बोलला नव्हता. चिडवतही नव्हता, तीच तर खरी चीड होती. त्याला खरोखरच वाटत होतं की धाकट्याचं भलं व्हावं. चुगली केली असती तर आईनं त्याचा कान धरला असता, पण प्रार्थनेचा कान कोण धरणार? दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यानं मागच्या दाराचं कुलूप उचललं आणि मारलं. दादा तोंड धरून खाली बसला, बोटांच्या फटीतून लाल झालं. आई धावत आली, "काय झालं रे?" आणि दादा रक्ताच्या तोंडानं म्हणाला, "पायरीवर घसरलो." त्या संध्याकाळी प्रार्थनेत दादानं कुलपाचं नाव काढलं नाही. आईनं पायरीसाठी प्रार्थना केली.

हा उपकार त्याला कधी पचला नाही. वर्षानुवर्षं दादा हसला की तो कोपरा दिसायचा, दादाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतो, आणि दरवेळी हा दुसरीकडे बघायचा. सांगून टाकला असता तर चार रट्टे बसले असते आणि हिशेब मिटला असता. दादानं मिटू दिला नाही. दादाला माणूस उघडा कधी पाडायचा आणि झाकायचा कधी, हे दोन्ही स्वतःच्याच हातात ठेवायची सवय होती. म्हणून तर तो मंडळीचा वडील झाला. म्हणजे पाळकांच्या खालोखाल. आजाऱ्यांना भेटणारा, भांडणं मिटवणारा, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर ताटात घेऊन रांगेरांगेनं फिरणारा.

मंगळवारी कामाला लागणं भाग होतं. मालकांनी दोनदा विचारलं, "गुरुवारचं ते वरचं तोंड कुठपर्यंत आलं?" त्यानं दोन्ही जबडे यंत्रात बसवले. यंत्र म्हणजे पितळी बिजागरीची एक चौकट, वरचा जबडा उघडतो, मिटतो. दादा बाकावर बसून तोंड उघडू-मिटू लागला. मग छोटी करवत घेऊन त्यानं प्लास्टरचे दात एकेक करून मुळाशी कापायला सुरुवात केली, कारण असल्या कामात डॉक्टर खरे दात काढण्याच्या आधी लॅबनं खोटे काढायचे असतात. एक, दोन, तीन. कापताना त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की त्यानं थांबून हात पुसले. करवत खाली ठेवून तो मनात म्हणाला, प्रभू, हे बघतोयस ना? आणि लगेच वाटलं, बघत नसला तर बरं. चौथा दात तो तुटका. तो कापायच्या आधी त्यानं त्याची चारही बाजूंनी मापं घेतली, तिरका काप किती अंशांचा, खोली किती, आणि वहीत लिहून ठेवलं. हात एका बाजूनं चोख काम करत होते आणि डोकं दुसऱ्या बाजूनं पेटलेलं. मग तोही कापला. तुकडा टेबलाखाली उडाला, त्यानं शोधला नाही.

संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनींचा फोन होता. भाऊजींचे दात काढणार आहेत शुक्रवारी. रविवारी प्रभुभोजन, आणि यांच्या तोंडाची अशी दशा."

"त्यांना म्हणावं, प्रार्थनासभेत विषय मांडा."

तिनं एक सडका देठ मोडून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुम्हाला तो राग हवाच असतो. तो गेला तर घरात काय उरेल, अशी भीती वाटते तुम्हाला."

"काय उरेल?"

"तुम्ही," ती म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन उठली.

त्यानं उठून टीव्ही लावला. सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस या घरात कुणी उच्चारत नसे. मुलगी चौदा वर्षांची होती. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. ती दार आपटून गेली, त्यानं हाक मारली, तिनं वळून न बघता "येते हो" म्हटलं. त्या "हो"मध्ये काहीतरी होतं. हात उठला आणि तिच्या कानावर बसला. त्याचा हात, दातांच्या मुळाशी केसाचा फरक ओळखणारा, त्या दिवशी त्याला काही ओळखू आलं नाही. तीन दिवस तिला त्या कानानं ऐकू येईना. तो दादाकडे गेला आणि त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला, आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर तरी सगळं सांगितलं. दादानं पाठीवरून हात फिरवला, सोबत प्रार्थना केली. त्याला वाटलं, सुटलो. आणि बुधवारी प्रार्थनासभेत दादा उठला, डोळे मिटले आणि त्याच गोड सावकाश आवाजात मागितलं: माझ्या धाकट्या भावाच्या घरासाठी, प्रभू, त्याच्या हाताला आवर घाल, आणि त्या लेकराच्या कानाला पुन्हा ऐकू येऊ दे. चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. यानं उघडले. आणि तिसऱ्या रांगेत मुलीचेही उघडे होते. ती काकाकडे बघत नव्हती, याच्याकडे बघत होती. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "मैत्रिणींना मी सांगितलं होतं, चेंडू लागला म्हणून. मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत." त्यानंतर ती मंडळीत आली नाही. आता शिकायला दुसऱ्या शहरात, शनिवारी फोन करते, आईशी बोलते. हा दिवाणखान्यात बसून टीव्हीचा आवाज कमी करतो आणि आतलं ऐकतो. आणि सहा वर्षं, महिन्याच्या प्रत्येक पहिल्या रविवारी, भाकरीचं ताट आलं की तो न घेता पुढे देतो, कारण भावाबद्दल मनात काही ठेवून ती भाकर खायची नसते. तेवढा तरी तो प्रामाणिक होता. या प्रामाणिकपणाचाही त्याला थोडा गर्व होता आणि त्या गर्वाचाही राग यायचा.

बुधवारी त्यानं गुलाबी मेणात नवे दात मांडले. दिसायला सुरेख, दादाला कधी नव्हते असे. मग तो समोरचा डावा दात चिमट्यात धरला आणि वहीतली मापं बघून त्याचा कोपरा घासायला बसला. पहिल्यांदा तो कोपरा पाडायला त्याला क्षणभरही लागलं नव्हतं. आता सकाळ गेली. जरा जास्त गेला तर दात फेकायचा आणि नवा घ्यायचा. तीन दात फेकले. एकदा वाटलं, अख्खाच बसवतो, विनंती गेली खड्ड्यात, मिरव म्हणावं नवा दात. पण चिठ्ठी भिंतीवर टाचलेली होती आणि चुकीचं काम त्याच्या हातून होत नसे. चौथा दात जमला. चष्मेवालीनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, "बाई गं, हे तर तुटलेलंच वाटतंय! कुणाची ही हौस?"

"असतात माणसं. जखमासुद्धा जपून ठेवणारी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमच्यासारखी," असं काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा कामाला लागली.

दुपारनंतर मेण काढून, गुलाबी मसाला भरून, शिजवून कवळी तयार झाली. शिजली की कवळी नेहमी कुठे ना कुठे उंच होते. म्हणून यंत्रात बसवून मध्ये निळा कागद धरायचा आणि जबडा मिटायचा. जिथे दात उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. ठिपका घासायचा, पुन्हा मिटायचा, पुन्हा घासायचा, सगळीकडे सारखे फिके ठिपके येईपर्यंत. त्यानं सगळे घासले. शेवटी डावीकडे मागे एका दाढेवर एक ठिपका राहिला, गडद, मसुराएवढा. एका केसाचं काम. त्यानं घासायचं यंत्र हातात घेतलं, आणि हात थांबला.

इथे कुणी त्याच्या मनात डोकावलं असतं तर तिथे आरडाओरडा नव्हता. फार शांत होतं. एक केस. एवढ्यानं माणूस मरत नाही. पण दर घासाला ती दाढ आधी टेकते, सगळा भार तिच्यावर येतो, ताज्या जखमेच्या हिरडीत कवळी रुतते, डोक्यात कळ जाते. शुक्रवारी हिरडी बधिर असणार, तेव्हा दादाला कळणार नाही. डॉक्टरही रक्तात फार खोलात जाणार नाही. कळेल ते घरी, जेवताना, आणि कुणाला सांगणार? नवी कवळी दुखतेच, सगळे तसंच म्हणतील. आणि यानं काय केलं? काही केलं नाही. एक ठिपका घासला नाही, एवढंच. न केलेल्याचं पाप कसं लागेल? त्याला पाळकांचं उत्तर पाठ होतं, पण पाळक इथे नव्हते. सकाळी सहाला मागितलं होतं, आज नाही. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते. त्यानं ओल्या कापसानं तो निळा ठिपका पुसला, कवळीला पॉलिश चढवलं, ती पाण्याच्या पिशवीत घातली आणि घरी गेला. बसमध्ये कुणीतरी याच्या पायावर पाय दिला. त्याला राग आला नाही, आणि त्याचंच त्याला भय वाटलं.

गुरुवारी तो अर्धा तास लवकर आला. पहाटेपासून ठरवून आला होता: घासून टाकायचं, दोन मिनिटांचं काम. बाकावर पिशवी नव्हती.

"डॉक्टरांचा फोन आला होता," मालक म्हणाले. "आठलाच माणूस येऊन घेऊन गेला. काय हो, चेहरा का असा?"

"काही नाही. पुन्हा एकदा बघायची होती."

"तुमच्या हातची आणि पुन्हा बघायची?" मालक हसले.

शुक्रवारी दुपारी त्यानं दंतवैद्याकडे फोन लावला. बाईनं उचलला. त्यानं कवळीचा नंबर सांगितला, कशी बसली म्हणून विचारलं. "मस्त बसली! डॉक्टर खूश आहेत. त्या तुटक्या दाताला बघून तर पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं, काय सांगू तुम्हाला." त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं, डावीकडची मागची दाढ एकदा तपासा. "बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. डोळ्यांत पाणी आलं म्हणे! तिथेही रडून दाखवलं! शुक्रवारी रात्री तो जेवताना प्रत्येक घास डावीकडे चावत होता आणि मोजत होता. शनिवारी मुलीचा फोन आला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करायचंही त्याला सुचलं नाही. गुडघे टेकले तर शब्द फुटेना. सहा वर्षं तो फिर्यादी म्हणून देवासमोर जात होता. त्या जागेची सवय झाली होती, तिथली गादी त्याच्या अंगाला बसली होती. आणि आता त्या माणसानं, काही न करता, नुसतं तोंड पाठवून, त्याला तिथून उठवलं होतं. क्षमा दादानं मागायची होती. सहा वर्षं तो त्या क्षमेची वाट बघत होता, आणि आता मागायची वेळ त्याच्यावर आली होती. या अन्यायानं त्याला इतका संताप आला की त्यानं उशी दातांत धरली.

रविवारी सभागृहात तो नेहमीच्या जागी बसला, वाटेच्या कडेला, शेजारी बायको. पाळकांनी बोलायचं ते बोलून झालं. पेटी हळूहळू वाजायला लागली आणि दादा भाकरीचं ताट घेऊन पहिल्या रांगेपासून निघाला. डावा गाल चांगलाच सुजला होता. ओठ मिटलेले, डोळ्यांखाली काळं. दोन दिवसांत माणूस उतरला होता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं भाकर उचलता उचलता कुजबुजत विचारलं, "वडील, गालाला काय झालं हो?"

"काही नाही, बाई," दादा म्हणाला. "पायरीवर घसरलो."

ते याला ऐकू आलं. पायरीवर. पन्नास वर्षांपूर्वीची तीच पायरी, शब्दन् शब्द तोच. म्हणजे दादाला कळलं होतं. पहिल्याच घासाला कळलं असेल, आणि त्यानं पुन्हा झाकलं होतं, भाकरीचं ताट हातात धरून, देवाच्या घरात सरळ खोटं बोलून झाकलं होतं! त्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ताट त्याच्यासमोर आलं, दादानं ते नेहमीसारखं खाली केलं, तो नेहमीसारखं पुढे देईल म्हणून बायकोनं हात पुढे केला, आणि तो उठून उभा राहिला.

"खोटं बोलतोय हा," तो म्हणाला. आवाज फार मोठा निघाला. "पायरी-बियरी काही नाही. याची कवळी मी बनवलीय. डावीकडची दाढ उंच आहे. मला दिसत होती. मी ठेवली, मुद्दाम ठेवली, याला दुखावं म्हणून."

पेटी थांबली.

"खाली बस," दादा हळूच म्हणाला. "हातात भाकर आहे."

"असू दे! आणि ते पोरीच्या कानाचंही. यानं सांगितलं म्हणून सहा वर्षं मी याच्यावर दात खातोय. यानं सांगायला नको होतं. पण मारलं मी. यानं नाही, मी मारलं." बायकोनं त्याची बाही धरली होती ती तिनं सोडली नाही, पण त्याला खालीही ओढलं नाही. चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. या वेळी कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते, आणि ते त्याला बरं वाटलं.

"डॉक्टरला का नाही सांगितलंस?" त्यानं दादाला विचारलं.

"तुझ्या कामावर आलं असतं."

"मग मला सांगायचंस!"

"तू बोलतोस का माझ्याशी?" दादा म्हणाला. सुजलेल्या तोंडातून शब्द बोबडे येत होते, ते गोड सावकाश बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे. "दोन दिवस पेजेवर आहे मी." आणि मग, ताटाकडे बघत, "त्या बुधवारच्या सभेतलं मी बोलायला नको होतं. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून मागितलं तर देव लवकर ऐकेल."

"तुटका दात कशाला मागितलास?"

दादाला प्रश्नच कळला नसावा. "जिभेला सवय आहे त्याची," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. पुरावा नाही, आरोप नाही, उपकारही नाही. याला हसावं की दादाच्या थोबाडीत द्यावी ते कळेना. "माफ कर," तो म्हणाला, आणि ते अशा आवाजात म्हणाला की पुढची म्हातारी दचकली. मग त्यानं खिशातून रुमाल काढला आणि उजव्या हाताचं बोट नीट, नखापासून मुळापर्यंत पुसलं.

"तोंड उघड."

"इथे?"

"उघड म्हणतो ना."

दादाचे दोन्ही हात ताटात अडकलेले होते. त्यानं तोंड उघडलं. समोरच तो तिरका कोपरा, तीन दात वाया घालवून केलेला, चौथा हा. त्याच्या पलीकडून त्यानं बोट आत घातलं, डावीकडे, मागे, त्या दाढेवर. हिरडी गरम लागली.

"चाव."

दादानं जपून दात टेकवले.

"असं नाही. नीट चाव. मला किती घासायचं ते कळलं पाहिजे."

दादानं डोळे मिटले आणि चावलं. दोघांनाही कळ आली. त्यानं बोट काढलं नाही.